दोनदा आलेली अकरा मिनिटं

योगीराजसाहेबांचा फोन आला तेव्हा मी तिसऱ्या खोलीतल्या शनिवार दुपारच्या ओळी मोजत होते. एक वाजल्यापासून सव्वापर्यंत त्या जवळजवळ दुप्पट भरत होत्या. आधीच्या शनिवारी तसं नव्हतं. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच.

खोली म्हणजे खरी खोली नव्हे. खऱ्या खोल्या आमच्या कंपनीला दोनच होत्या, बसवनगुडीत, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर. आमचं काम पहाऱ्याचं. १९९९ सालचा ऑगस्ट होता. बंगळुरातल्या बऱ्याच कंपन्यांनी नुकतीच इंटरनेटची चोवीस तासांची लाइन घेतली होती आणि तिच्या तोंडाशी फायरवॉल नावाचं यंत्र बसवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची ते एक ओळ लिहितं: किती वाजता, कुठून आला, कुठे निघाला, आत सोडला की परत पाठवला. दिवसाला अशा हजारो ओळी. त्या वाचायला कंपन्यांकडे माणूस नव्हता, म्हणून त्या आमच्याकडे यायच्या.

गिऱ्हाइकं चार होती. कपडे निर्यात करणारी कंपनी, नकाशे काढणारं एक ऑफिस, कोरमंगल्यातली औषधं तपासणारी प्रयोगशाळा आणि एक सहकारी बँक. जुलैपर्यंत चौघांचे चार कॉम्प्युटर टेबलावर होते आणि कृष्णात फिरती खुर्ची एकाकडून दुसऱ्याकडे ढकलत ते वाचायचा. कृष्णात निपाणीचा. एकदा वाचलेला आकडा तो विसरत नसे. पण पाचव्या गिऱ्हाइकाला टेबलावर जागा उरली नव्हती, म्हणून आमचे मालक प्रतापअण्णा मला म्हणाले, "नीला, सगळं एका यंत्रात बसव. पण एकाचं दुसऱ्याला स्वल्पसुद्धा दिसता कामा नये."

ते मी दोन महिन्यांत बसवलं. एक यंत्र, आत चार खोल्या. ज्याची ओळ त्याच्या खोलीत. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःच्या खोलीची किल्ली, आणि शेजारी आणखी खोल्या आहेत हेसुद्धा त्याला आतून कळू नये अशी सोय. साठवणीच्या टेपसुद्धा चार वेगळ्या. अण्णांनी करारात वाक्य घातलं की एका गिऱ्हाइकाची नोंद दुसऱ्याच्या कामासाठी कधीही उघडली जाणार नाही. ते वाक्य त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं.

लाइन खराब असली की ओळी मागेपुढे पोचायच्या. म्हणून रोज संध्याकाळी माझा प्रोग्राम प्रत्येक खोलीतल्या ओळी त्यांच्यावरच्या वेळेप्रमाणे नीट लावून ठेवायचा. वेळ कोणती धरायची यावर मी बराच विचार केला होता. गिऱ्हाइकाच्या यंत्राने लिहिलेली, की ओळ आमच्याकडे पोचली ती. एम.एस्सी.ला आम्हाला शिकवलं होतं की उपकरणाने दाखवलेला आकडा वहीत तसाच लिहायचा, आपल्या सोयीने बदलायचा नाही. म्हणून मी यंत्राची वेळ धरली. पोचण्याची वेळ ठेवलीच नाही. डिस्क चार गिगाबाइटची होती आणि मला जागा वाचवायची होती.

योगीराज प्रयोगशाळेचे व्यवस्थापक. ते इंग्रजीत बोलायचे आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबायचे, समोरच्याने लिहून घ्यावं तसे.

"तुमचा पहिला पंधरवड्याचा अहवाल काल मिळाला," ते म्हणाले. "चांगला आहे. त्यामुळे एक गोष्ट उघड झाली."

गोष्ट अशी होती. प्रयोगशाळेचं मुख्य ऑफिस हैदराबादला. दिवसभराच्या चाचण्यांचे निकाल रोज संध्याकाळी तिथे पाठवायचे, आणि त्यासाठी फायरवॉलमधून बाहेर जाण्याचा पासवर्ड एकाच व्यक्तीकडे होता, कावेरीकडे. कावेरी खानापूरकडची, नोकरीला लागून तीन महिने होत आले होते. पहिल्या तारखेला तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. ऑफिसची व्हॅन पावणेसहाला सुटते आणि कावेरी रोज त्या व्हॅनने जाते. फाटकावरच्या रजिस्टरमध्ये रोज तिची सही आहे, समोर वेळ पाच पंचेचाळीस. आणि आमच्या अहवालात दहाही दिवस कावेरीच्या नावाने दार उघडलं होतं पाच सत्तेचाळीसला, बंद झालं होतं पाच त्रेपन्नला.

"म्हणजे ही कुणाला तरी पासवर्ड देऊन व्हॅन पकडते," योगीराज म्हणाले. "कुणाला ते सांगत नाही. म्हणते मीच पाठवते. पुढच्या महिन्यात आमच्याकडे परदेशी तपासणी आहे. पासवर्ड दुसऱ्याला देणाऱ्या माणसाला मी ठेवू शकत नाही. मला फक्त तुमच्या सहीचं पत्र हवं, की ही नोंद बरोबर आहे. शुक्रवारपर्यंत."

त्या दिवशी मंगळवार होता.

मी म्हटलं, बघून सांगते.

"बघायचं काय आहे?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. अहवाल मीच पाठवला होता.

मी तिसरी, म्हणजे प्रयोगशाळेची खोली उघडली. दहा दिवस, दहा ओळी, पाच सत्तेचाळीस. कधी वीस सेकंद अलीकडे, कधी चाळीस पलीकडे. हे मला विचित्र वाटलं. एखादं माणूस दुसऱ्याचं काम चोरून करत असेल तर एखाद्या दिवशी विसरेल, एखाद्या दिवशी उशीर करेल. माणसाची चूक विखुरलेली असते. ही चूक दहाही दिवस एकाच जागी उभी होती. आणि सोमवारी, म्हणजे कालच, कावेरीच्या नावाने दार उघडलं होतं पाच पस्तीसला. व्हॅनच्या चांगली दहा मिनिटं आधी.

"अहवाल गेला आणि पोरगी सुधारली, असं म्हणतील साहेब," कृष्णात माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाला.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय वो मॅडम. मी नुसतं वाचतोय." मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "पण हा बाबा बघा. गेल्या बुधवारचा, चार एकवीसचा. हा तर बँकेत आला होता."

ती बाहेरच्या कुणाची तरी ओळ होती. दूरवरचा एक पत्ता, दार ठोठावून परत गेलेला. तसे पुष्कळ यायचे.

"बँकेत कधी?"

"चार दहाला. मी वाचलाय की. त्याच्या शेवटी दोनशे तेरा आहे, माझ्या गाडीचा नंबर."

बँकेत आलेली ओळ अकरा-बारा मिनिटांनी प्रयोगशाळेच्या खोलीत दिसत होती. याचा मला एकच अर्थ सुचला: भिंत गळते आहे. मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये कुठेतरी फट आहे आणि बँकेच्या ओळी तिसऱ्या खोलीत झिरपताहेत. मग पाच सत्तेचाळीसची ओळही कुणाची कोण जाणे. शनिवारच्या दुप्पट ओळींचंही मग कारण मिळत होतं. प्रोग्राम सुरू करून दोन आठवडे झाले होते आणि माझ्या अहवालावर एका मुलीची नोकरी जाणार होती.

मी फट शोधली. जेवायला गेले नाही. बँकेच्या खोलीत मी एक खोटी ओळ सोडली, तिच्यात माझा वाढदिवस घातला, आणि तिसऱ्या खोलीकडे बघत बसले. पाच मिनिटं. बारा मिनिटं. वीस. ओळ आली नाही. पुन्हा सोडली. पुन्हा नाही. प्रोग्राम पहिल्यापासून वाचला. फट नव्हती. फट नाही हे कळूनही बरं वाटेना, कारण मग ती ओळ तिथे का होती हे मला सांगता येत नव्हतं.

शेवटी मी ते केलं जे करायचं नव्हतं. चारही खोल्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडल्या.

त्या दूरच्या पत्त्याने बुधवारी एकट्या बँकेचं नाही, चौघांचंही दार ठोठावलं होतं. चौघांना लाइन एकाच कंपनीने दिलेली, पत्ते ओळीने लागून, त्यामुळे तो एका दमात चौघांवरून गेला असणार. निर्यातवाल्यांकडे चार नऊ बावन्न. नकाशेवाल्यांकडे चार दहा सात. बँकेकडे चार दहा एक्केचाळीस. प्रयोगशाळेकडे चार एकवीस एकोणपन्नास. पत्त्यांच्या ओळीत प्रयोगशाळा बँकेच्या आधी होती, तरी तिची वेळ सगळ्यांच्या नंतर. मी आणखी दोन असे फेरीवाले शोधले, एक गेल्या शुक्रवारचा, एक सोमवारचा. शुक्रवारीही बाकी तिघं मिनिटभराच्या आत आणि प्रयोगशाळा सुमारे साडेअकरा मिनिटं मागून. सोमवारी मात्र चौघं एका मिनिटात.

"मधे काय झालं?" मी कृष्णातला विचारलं.

"मधे रविवार झाला," तो म्हणाला.

अण्णा वर आले तेव्हा चारही खोल्या तशाच उघड्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अण्णांची सात पिढ्यांची मराठी बंगळुरात रुळलेली, रागावले की ते पूर्ण कन्नडमध्ये जायचे. त्या दिवशी मराठीतच राहिले.

"हे कुणासाठी उघडलंस?"

"प्रयोगशाळेसाठी."

"बँकेची खोली प्रयोगशाळेसाठी."

"हो, अण्णा. आधी वाटलं भिंत गळते. ती गळत नाही. पण त्यांच्या यंत्राची वेळ पुढे असावी, असं दिसतंय. गेल्या आठवड्यापर्यंत. आता नाहीये. का ते मला कळत नाही."

ते खुर्चीवर बसले. "सरी, ठीक आहे. बघितलं ते बघितलं. पण यातला एक आकडा बाहेर जाणार नाही. त्या साहेबाला बँकेचा कागद दाखवलास तर उद्या तो विचारेल, माझा कागद कुणाला दाखवता. आणि ते बरोबर असेल."

"मग त्या मुलीचं काय?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "ते तू बघ. तिच्याच खोलीत काहीतरी असेल."

तिच्या खोलीत काय असणार होतं मला कळेना. ज्याचं घड्याळ चुकलंय त्यालाच वेळ विचारायची, असं ते होतं.

बुधवारी मी कोरमंगल्याला गेले. फाटकावर देवाप्पा नावाचे म्हातारे पहारेकरी होते. त्यांनी रजिस्टर पुढे केलं. "टाइम बरीरी, अम्मा." वेळ लिहा. मी माझ्या घड्याळात बघून अकरा पाच लिहिलं. त्यांनी मनगट वर करून स्वतःचं घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. "सरी इदे. नंदु रेडिओ टाइम." बरोबर आहे, माझी वेळ रेडिओची. त्यांचं घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर लावलेलं असायचं, हे त्यांनी मला पुढे मराठी-कन्नड मिसळून अभिमानाने सांगितलं. पावणेसहाच्या व्हॅनची वेळ तेच लिहायचे.

वर मोठ्या दालनात, टेबलांच्या रांगेसमोर भिंतीवर एक गोल घड्याळ होतं. त्यात अकरा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. मला जिना चढायला दोन मिनिटं लागली असतील. मी तिथेच उभी राहिले.

"ते पुढे आहे मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं.

ती कावेरी होती. एकदा फोनवर ऐकलेला आवाज मी ओळखला. बारीक, उंच, केसांना तेल लावून घट्ट वेणी. डोळे सुजलेले.

"किती पुढे?"

"असेल दहा-बारा मिनिटं. साहेबांनी लावलंय, लोक नऊला यावेत म्हणून. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे तर लोक नऊला येतात का?"

"नाही. वजा करून येतात."

मला हसू आलं नाही, कारण त्याच क्षणी दुसरं काहीतरी आठवलं. दोन ऑगस्ट, सोमवार. त्या दिवशी तिसरी खोली सुरू करायची होती. बाकीच्या तिन्ही ठिकाणी कृष्णात स्वतः जाऊन यंत्र लावून आला होता, आपलं मनगटी घड्याळ बघून. पण त्या सोमवारी त्याच्या गावची जत्रा होती, म्हणून प्रयोगशाळेचं काम मी बसवनगुडीत बसून फोनवर करून घेतलं. फोनवर ही कावेरीच होती. ती पडद्यावरचं एकेक वाक्य वाचायची, मी उत्तर सांगायचे. एका ठिकाणी ती म्हणाली होती, "वेळ विचारतंय मॅडम, काय घालू?"

आणि मी म्हटलं होतं, "समोर घड्याळ दिसतंय का? त्यातली घाल."

"तू यंत्रात ही वेळ घातलीस?" मी आता विचारलं.

"तुम्ही सांगितलंत ना."

"ते पुढे आहे हे तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवशी मी साहेबांना म्हणाले होते, सर, तुमचं घड्याळ फास्ट आहे. ते म्हणाले, या ऑफिसात हीच वेळ. मग मी दुसरी कोणती घालणार? मला वाटलं, यंत्रपण ऑफिसचंच." मग हळू आवाजात, "चूक झाली का माझी?"

"नाही," मी म्हटलं. "माझी."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला धीर आला असं मला दिसलं नाही. उलट ती म्हणाली, "तुमच्या कागदावर माझं नाव आहे मॅडम. तुमचं कुठे आहे?" हे तिने भांडून म्हटलं नाही. नुसतं विचारलं.

योगीराज आपल्या केबिनमध्ये होते. मी सगळं सांगितलं. बाकीच्या तीन खोल्या सोडून. यंत्राची वेळ भिंतीवरच्या घड्याळावरून लावली गेली, ती पुढे होती, म्हणून पाच पस्तीसचं पाच सत्तेचाळीस दिसलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग मला फायरवॉलपाशी घेऊन गेले आणि पडद्यावरची वेळ दाखवली. अकरा एकतीस. त्यांच्या मनगटावरही अकरा एकतीस.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले.

"आता आहे. तेव्हा नव्हतं."

"आपोआप बरोबर झालं?"

माझ्याकडे फक्त बँकेचे आकडे होते आणि ते मला तोंडावर आणता येत नव्हते.

"तिच्या टेबलावरच्या वहीत तिने रोज पाच पस्तीस लिहिलंय," मी म्हटलं. "निकाल पाठवल्याची वेळ."

"वही ती स्वतः लिहिते. यंत्राला कुणी सांगून लिहायला लावत नाही. म्हणून तर आम्ही तुमच्याकडे आलो." ते थोडं थांबले. "मॅडम, तुम्हाला तिची दया येते, मला समजतं. पण सोमवारपासून ती वेळेवर पाठवते आहे. अहवाल सोमवारी आला. याचा मी काय अर्थ घेऊ?"

मी केबिनमधून बाहेर आले. खरंच काय अर्थ घ्यायचा, मलाही सांगता आलं नसतं. कृष्णात म्हणाला होता जवळजवळ तेच ते म्हणाले होते, आणि बाहेरून पाहिलं तर ते पटण्यासारखं होतं. क्षणभर मलाही वाटलं, या मुलीने मला गुंडाळलं तर नाही. मग वाटलं, हे वाटणं वहीत लिहिण्यासारखं नाही.

खाली जाताना कावेरी जिन्यापर्यंत आली. मी तिला एकच विचारलं, गेल्या आठवड्याच्या शेवटी त्या यंत्राला कुणी हात लावला होता का.

"शनिवारी तो वाय-टू-केवाला आला होता ना," ती म्हणाली. "दोन हजार सालासाठी सगळी यंत्रं तपासतात, तो. त्याने बंद करून परत लावलं. आमचा शनिवार अर्धा दिवस, मी निघतच होते. एक वाजून गेला होता."

"वेळ बदलली का त्याने?"

"माहीत नाही. मी निघाले."

रिक्षात बसल्यावर मला शनिवारच्या दुप्पट ओळी आठवल्या. एक ते सव्वा. मी रिक्षावाल्याला म्हटलं, लवकर चला, आणि तो म्हणाला की स्वल्प ट्रॅफिक आहे, जणू मी या शहरात आजच आले होते.

शनिवारी त्या तपासणाऱ्याने यंत्राचं घड्याळ मागे घेतलं असेल तर काय होईल? ओळी येत राहतात. एक चौदा लिहिलेली ओळ येते, तिच्या मागून एक तीन लिहिलेली. मग एक चार, एक पाच, पुन्हा एक चौदापर्यंत. तेवढी मिनिटं त्या खोलीत दोनदा येतात. म्हणून दुप्पट. आणि हे मला दिसलं नाही, कारण संध्याकाळी माझ्या प्रोग्रामने त्या सगळ्या ओळी वेळेप्रमाणे नीट लावून ठेवल्या होत्या. पहिल्या फेरीची ओळ, दुसऱ्या फेरीची ओळ, एकमेकींत मिसळून, सुबक. शिवण होती ती मीच इस्त्री करून टाकली होती.

पण लावण्याआधी, जशा आल्या तशा, त्या टेपवर उतरत होत्या. प्रयोगशाळेची टेप वेगळी होती.

"कृष्णात, शनिवारची तिसरी टेप," मी दारातूनच म्हटलं.

"चप्पल तरी काढा की," तो म्हणाला, पण उठला.

टेप पुढे सरकायला पुष्कळ वेळ लागतो. आम्ही दोघं बसून राहिलो. सकाळ गेली, बारा गेले. मग एकाखाली एक दोन ओळी आल्या आणि कृष्णातने बोट ठेवलं.

एक चौदा बावन्न. तिच्या खाली एक तीन एकोणीस.

"मागे गेली," तो म्हणाला.

अकरा मिनिटं तेहेतीस सेकंद. प्रयोगशाळेच्या स्वतःच्या खोलीत, प्रयोगशाळेच्या स्वतःच्या टेपवर. त्यासाठी दुसरी एकही खोली उघडावी लागली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी मनाशी फक्त एवढंच म्हणत होते की हे पहिल्याच दिवशी माझ्यासमोर होतं आणि मी ते मोजूनसुद्धा ओळखलं नाही.

गुरुवारी मी तो भाग छापून नेला. लांब पट्टीचा कागद, दोन ओळींवर पेन्सिलीने खूण. सोबत माझ्या सहीचं पत्र. पत्रात मी लिहिलं होतं की दोन ते चौदा ऑगस्टपर्यंत या यंत्राची वेळ साडेअकरा मिनिटं पुढे होती. ती आमच्या कंपनीतून फोनवर दिलेल्या सूचनेप्रमाणे लावली गेली. वेळ तपासण्याचं काम आमचं होतं आणि ते झालं नाही. त्या काळातल्या अहवालावरून कुणाच्याही वागण्याचा निष्कर्ष काढू नये. अण्णांनी पत्र वाचलं तेव्हा तिसऱ्या वाक्यावर थांबले होते. "हे लिहायलाच हवं?" मी हो म्हटलं. त्यांनी शिक्का माझ्याकडे सरकवला आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले जे मी ऐकलं नाही असं दाखवलं.

योगीराजांनी कावेरीलाही आत बोलावलं. कागद त्यांनी दोनदा वाचला. पेन्सिलीच्या खुणेवर त्यांचं बोट बराच वेळ होतं.

"दहाही दिवसांच्या वेळांतून साडेअकरा मिनिटं वजा करा," मी म्हटलं. "पाच पस्तीसला उघडलं, पाच एक्केचाळीसला बंद. चार मिनिटांनी ती फाटकावर. तिच्या वहीशी जुळतं. देवाप्पांच्या रजिस्टरशी जुळतं."

"हे त्या वाय-टू-केच्या इंजिनिअरने सांगायला हवं होतं," ते म्हणाले. मग कावेरीकडे वळून, "आणि तू. ते घड्याळ पुढे आहे हे तुला माहीत नव्हतं?"

कावेरीने खाली बघितलं. "माहीत होतं, सर. तुम्ही म्हणाला होता, या ऑफिसात हीच वेळ."

योगीराजांनी कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. त्यांना आठवत होतं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. जा, काम कर," आणि ते तिला म्हणाले की मला, हेही मला नीट कळलं नाही. आम्ही दोघी उठलो.

बाहेर भिंतीवरचं घड्याळ तसंच पुढे होतं.

पुढच्या आठवड्यात मी प्रोग्राम बदलला. आता प्रत्येक ओळीवर दोन वेळा आहेत, यंत्राने लिहिलेली आणि आमच्याकडे पोचल्याची. लावून ठेवलेल्या ओळींबरोबर आल्या तशाही ठेवतो. डिस्क लवकर भरते, अण्णा कुरकुर करतात. दोन वेळा ठेवू लागल्यावर कळलं की निर्यातवाल्यांचं यंत्र रोज दीड सेकंद मागे पडतं आणि आमचं स्वतःचं, ज्याला मी प्रमाण मानत होते, रेडिओपेक्षा पन्नास सेकंद मागे होतं. ते मी लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन सेकंद मागे. बनशंकरीला घरी गेले तर स्वयंपाकघरातल्या घड्याळात सव्वाआठ झाले होते. आई म्हणाली, "आठ वाजले, जेवून घे," आणि मी पाट घेतला. ताटावर बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मीही लहानपणापासून वजाच करत आले आहे.

सप्टेंबरच्या एक तारखेला, बुधवारी, मी दिवसभर फोनपाशी होते. योगीराजांचा फोन आला नाही. मी करावा असं वाटलं, पण काय विचारणार? गिऱ्हाइकाच्या माणसाला कायम केलं की नाही, हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता. संध्याकाळी मी तिसरी खोली उघडून बसले. पाच तीस झाले. पाच तेहेतीस. तिच्या नावाची ओळ आली तर ती आज कामावर आहे एवढं कळणार होतं, पुढचं नाही.

पाच पस्तीसला ओळ आली नाही. पाच चाळीसलाही नाही. पावणेसहा झाले. व्हॅन सुटली असणार. कृष्णात डबा भरत होता, तोही थांबला.

पाच बावन्नला फोन वाजला.

"मॅडम, मी कावेरी. प्रयोगशाळेतून." मागे कुणीतरी हसत होतं. "लाइन खराब आहे हैदराबादची, अजून पाठवायचंय. व्हॅन गेली. आता बसने जाईन."

"उशीर झाला तर साहेब काही म्हणतील?"

"नाही. म्हणाले, कायमची माणसं थांबतात." ती ते अगदी सरळ आवाजात म्हणाली आणि पुढे गेली. "म्हणून फोन केला. आज सहाच्या पुढे माझं नाव दिसेल. वहीत कारण लिहिलंय. तुमच्याकडेपण लिहून ठेवा, नाहीतर परत कुणीतरी विचारेल."

मी वही ओढली. "लिहिते. आता किती वाजले तुझ्याकडे?"

"कोणत्या घड्याळात?" तिने विचारलं.

मी पेन तसंच धरून राहिले. मग म्हटलं, "फाटकावरच्या, देवाप्पांच्या."

"थांबा हं," ती म्हणाली. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग जिन्यावरून खाली जाणारी तिची पावलं.